एवढं पैसं कशाचं?

तीन आठवडे आमच्या फ्रिजवर एक लाल भोपळा बसून होता. वजन साडेपाच किलो, किंमत ४,५०० रुपये. बायको सकाळी दूध काढायला फ्रिज उघडायची, वर बघायची आणि म्हणायची, "अहो, पाहुण्यांचा मुक्काम कधीपर्यंत?" मी पेपरात डोकं खुपसायचो. भोपळा कापायला माझी हरकत नव्हती आणि तो कापला जाऊ नये असंही वाटत होतं. ज्याचं आपण काही देणं लागतो असा पाहुणा घरात आला की होतं तसं माझं झालं होतं. त्याच्यासमोर नीट बसवत नाही आणि त्याला जा म्हणवत नाही.

आला तो कापणीच्या सणातून. आमच्या ख्रिस्ती देवळातला कापणीचा सण ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या दिवशीचा वास वेगळा सांगायला नको. वेदीपाशी उसाची मोळी, ज्वारीची कणसं, केळीचे खुंट, पेरूची पाटी, कोणाच्या मळ्यातली वांगी, कोणाच्या ओव्हनमधला केक, आणि या सगळ्याच्या आडोशाला पाय बांधलेले दोन-तीन कोंबडे. उपदेश रंगात आला की त्यातला एखादा हमखास आरवतो आणि सगळ्या मंडळीला एकदम कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राची आठवण होते. यंदाही आरवला. पाळकसाहेब थांबले, हसले, पुढे गेले. भक्ती संपल्यावर सगळे पटांगणात झाडाखाली जमले आणि लिलाव सुरू झाला. या लिलावात दहा रुपयांचं लिंबू पाचशेला जातं आणि जावंच. ते दानच असतं, फक्त जरा आरडाओरडा करून केलेलं. लहानपणी नगरला मी माझ्या वडिलांना एक कोबी वीस रुपयांना घेताना पाहिलं होतं आणि आईचा चेहरा पाहिला होता. त्या वेळी वीस रुपयांत आठवड्याचा बाजार यायचा.

भोपळा शंभरावर पुकारला गेला. दीडशे, दोनशे, अडीचशे असा रांगत रांगत तो पाचशेपर्यंत गेला. मी गप्प होतो, कारण मला भोपळा आवडत नाही. मग मागून आवाज आला, "हजार." तो आवाज मी मान न वळवता ओळखला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दीड हजार." मागून "दोन." मी "अडीच." लोक वळून पाहू लागले. तरुण संघाच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणी तरी "हालेलूया!" म्हणालं. पुकारणारा गडी तर अंगात आल्यासारखा नाचत होता. "चार हजार," मागून. "साडेचार," मी. मागे शांतता. एक वार, दोन वार, तीन वार. टाळ्या पडल्या. वळून पाहिलं तर त्या गृहस्थांनी मला लांबून हात जोडले होते. माझे कान तापले होते आणि छातीत काही तरी फुललं होतं. बँकेत असताना प्रमोशनच्या यादीत नाव पाहिलं तेव्हा फुललं होतं तसंच.

भोपळा मिठीत घेऊन मी गर्दीतून बाहेर पडत होतो तेव्हा एक आजी वाटेत उभी होती. नदीपलीकडच्या वस्तीत राहते, पुढून तिसऱ्या बाकावर बसते, एवढीच माझी तिची ओळख. भोपळा तिनंच आणलेला होता. पत्र्यावर वेल चढवला होता तिनं, चारच धरले, त्यातला सर्वांत मोठा देवाला. तिनं भोपळ्यावरून हात फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि माझ्याकडे वर बघून विचारलं, "एवढं पैसं कशाचं दिलंस रं बाबा?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. कौतुकही नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"देवाला दिले, आजी," मी म्हणालो.

"हां. मग बरंय," ती म्हणाली आणि पदर सावरत प्रसादाच्या रांगेकडे गेली.

रिक्षात भोपळा मांडीवर होता. वडगाव शेरीपर्यंत सिग्नलमागून सिग्नल लागत गेले आणि प्रत्येक सिग्नलला मला माझंच उत्तर ऐकू येत होतं. देवाला दिले. किती पटकन आलं ते तोंडात! अडीच हजार आणि साडेचार हजार यांच्यामध्ये देव कुठे होता हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मागून बोली लावणारे ते गृहस्थ मात्र प्रत्येक पाचशेच्या नोटेवर होते.

त्यांचं नाव नको. ते आमच्या मंडळीचे खजिनदार. मागच्या वर्षी देवळाच्या छताची दुरुस्ती झाली, त्यातल्या १८,००० रुपयांची व्हाऊचरं सापडेनात. मी तीस-बत्तीस वर्षं बँकेत काढलेली, न जुळणारा आकडा मला दातात अडकलेल्या काडीसारखा टोचतो. वार्षिक सभेत उठून मी विचारलं. विचारणं चूक नव्हतं, हे आजही म्हणतो. देवाच्या पैशाचा हिशेब माणसांच्या पैशापेक्षा चोख हवा. पुढे व्हाऊचरं एका जुन्या उपासना संगीताच्या पुस्तकात सापडलीही, आकडा जुळला. पण सभेत मी ज्या आवाजात विचारलं तो आवाज हिशेबाचा नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी खजिनदारपदाला मीही उभा होतो आणि ११ मतांनी पडलो होतो. ही गोष्ट मी त्या सभेत अर्थातच बोललो नाही. "मंडळीच्या हितासाठी विचारतोय," असं म्हणालो. आमच्या सभांमध्ये हे वाक्य इतक्यांदा म्हटलं जातं, की मंडळीचं हित एव्हाना ओसंडून वाहायला हवं होतं.

एकदा बायकोनं भोपळ्यावर टिचकी मारली. "पोकळ वाजतोय. पिकलाय चांगला." आणि मला बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्रातली ओळ आठवली, जी मी शब्बाथ शाळेत पाठ करून बक्षिसाची पेन्सिल मिळवली होती: "तट पाडण्याच्या अथवा पोकळ डौल मिरवण्याच्या बुद्धीने काहीही करू नका." पेन्सिल लाल होती. वर्गातल्या दुसऱ्या मुलाला ती मिळू नये म्हणून मी ओळ रात्रभर घोकली होती.

आमच्या घरात प्रार्थनेच्या दोन तऱ्हा होत्या. वडिलांची प्रार्थना छोटी. रात्री जेवणं झाली की कंदिलाची वात बारीक करायची, सगळ्यांनी चटईवर बसायचं आणि वडील एकच सूर लावायचे: प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. बदली, आजारपण, बहिणीचं लग्न मोडलं तो दिवस, सगळ्याला तेच. आईची प्रार्थना म्हणजे भाजीबाजार. ती देवाशी घासाघीस करायची. "प्रभू, याला बँकेत लाव. शाळेत नको, शाळेत पगार वेळेवर होत नाही. आणि नगरातच लाव, लांब नको. लांब लावायचा असेल तर पुण्याच्या पुढे नको." डोळे मिटलेले, बोटं मात्र मोजत असायची. मला लाज वाटायची. जब्दीच्या मुलांची आई येशूपुढे जाऊन माझा एक मुलगा तुझ्या उजवीकडे बसव आणि एक डावीकडे असं म्हणाली, तो भाग देवळात वाचला गेला की मी आईकडे बघायचो नाही. वडिलांची प्रार्थना मला खरी ख्रिस्ती वाटायची. मोठा झालो तेव्हा मी ती उचलली, शब्द न शब्द.

उचलली, आणि तिचा रबरी शिक्का केला.

२००४ साली आईला अर्धांगवायूचा झटका आला. वडील आधीच गेले होते. मी पुण्यात, बहीण नगरला, नर्सची नोकरी, एकटी. मला नगरला बदली मागता आली असती. साहेबांनी स्वतःहून सुचवलं होतं. मी प्रार्थनेला चार दिवस मागितले. पाळकांना बोलावलं, शेजारच्या दोन कुटुंबांना बोलावलं, गुडघे टेकले, आवाज दाटला, सगळं झालं. पाचव्या दिवशी बहिणीला फोन करून सांगितलं, की प्रभूनं पुण्याचंच दार उघडलं आहे. आमच्यात हे दार उघडणं फार सोयीचं असतं. उघडलेल्या दारातून जाणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि कडी कोणी काढली हेही विचारत नाही. कडी मीच काढली होती. वडगाव शेरीतल्या फ्लॅटचा इसार मी प्रार्थनेच्या आठवडाभर आधी देऊन आलो होतो. ५१,००० रुपये, चेकनं. चेकचं अर्धुक अजून असेल कुठे तरी.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. मी महिन्यातून दोन रविवार जायचो. शिवाजीनगरहून एसटी, वाघोलीपर्यंत उभ्यानं, शिरूरला चहा, सुप्याच्या माळावर खिडकीतून येणारी कोरडी हवा. पोहोचलो की आईचा हात धरून बसायचो. तिला बोलता यायचं नाही, पण बोटं हलायची, मोजल्यासारखी. बहीण आत भाजी निवडत असायची. एकदा, असंच मेथी निवडताना, मान खाली ठेवून ती म्हणाली, "दादा, देवानं तुला पुण्यात राहायला सांगितलं ते बरं झालं. मला त्यानं काही विचारलं नाही बघ." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. मी म्हणालो, "तुझी सेवा मोठी आहे गं." हेही वाक्य आमच्यात फार चालतं. आपण न उचललेलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर नीट बसावं म्हणून केलेली ती चुंबळ असते.

नगरच्या आम्हा लोकांना या बाबतीत आपल्या गावचाच दाखला आहे म्हणा. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, देवाची हाक ऐकून घेतला, त्यात मला शंका नाही. पण त्या हाकेनंतरची वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मूल पदरी घेऊन कशी काढली, हे आपण सगळ्यांनी 'स्मृतिचित्रे'त वाचलं आहे. त्यांचा बाप्तिस्मा १९००चा. ती मधली पाच वर्षं कोणाच्या खात्यावर टाकायची? टिळकांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही, हे खरंच आहे. पण माणूस स्वतःचं सोडतो तेव्हा त्याच मुठीत दुसऱ्याचंही थोडं असतं. लक्ष्मीबाई निदान ते हसत हसत सांगू शकल्या. माझी बहीण मेथी निवडत होती.

भोपळ्याची गोष्ट मी बहिणीला फोनवर सांगितली. हसवायला म्हणून सांगितली. ती हसलीही. मग म्हणाली, "साडेचार हजार! आईचं महिन्याचं औषध येत होतं की रे त्यात." मी तेव्हा दरमहा २,००० पाठवायचो. तिनं तो आकडा काढला नाही. मीच काढला, फोन ठेवल्यावर.

आमच्या इमारतीखाली दोन वर्षांपूर्वी लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान निघालं. पुण्यात आता गल्लोगल्ली निघाली आहेत. संध्याकाळी शेंगदाण्याचा घाणा लावला की वास जिन्यानं वर चढतो, गरम, थोडासा भाजलेला, आणि पोटात खोल कुठे तरी भूक लागते. बैलाऐवजी मोटर असते, पण लाकडी लाट तशीच करकरत फिरते. त्या दिवसांत मी भाजी आणायला म्हणून उतरायचो आणि घाण्यापाशीच उभा राहायचो. येशूनं पकडला जाण्याआधी ज्या बागेत प्रार्थना केली त्या गेथशेमानेचा अर्थ तेलाचा घाणा, हे पाळकसाहेबांनी कधीच्या एका उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सांगितलं होतं. जैतुनाच्या झाडांखाली कुठे तरी घाणा असणार, म्हणून बागेला ते नाव. तेव्हा मला ती माहिती वाटली होती, वहीत टिपून ठेवण्यासारखी. आता दुकानाच्या पायरीवर उभं राहून दाणे चेपले जाताना बघायचो तेव्हा त्या बागेतली प्रार्थना मला पहिल्यांदाच पहिल्या शब्दापासून ऐकू आली.

"हे माझ्या बापा, होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो, तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे."

मी आयुष्यभर "तथापि"पासून पुढचं म्हणत आलो. वडीलही तिथूनच म्हणायचे, मात्र त्यांचं कारण वेगळं असावं. मागून मिळालं नाही असं इतक्यांदा झालं होतं, की मागणंच त्यांनी सोडून दिलं होतं. ती थकलेल्या माणसाची श्रद्धा होती आणि तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. मी "तथापि"पासून सुरू करायचो कारण त्याच्या आधीचं वाक्य देवाच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. त्यात फ्लॅट होता, आईच्या बेडपॅनची शिसारी होती, पुण्यात मिळू शकणारी मॅनेजरची खुर्ची होती. प्रभू येशूनं आधी सरळ सांगितलं, मला हे नको आहे. घाम गाळून सांगितलं. शुभवर्तमानात मत्तय म्हणतो तीनदा सांगितलं. तो देवाचा पुत्र असून आपल्याला काय हवं ते बापापासून लपवत नाही, आणि मी, बँकेतला अधिकारी, लपवत होतो. लपवलेली इच्छा बाजूला कशी ठेवणार? ती आधी टेबलावर तरी यायला हवी.

आणि मग आईची बोटं आठवली. ती निदान टेबलावर तरी मांडत होती. बँक, नगर, पुण्याच्या पुढे नको. जब्दीच्या मुलांच्या आईला येशू रागावला असं मला लहानपणापासून वाटायचं. परवा पुन्हा वाचलं. तो रागावत नाही. तिला विचारतो, "तुला काय पाहिजे?" मग म्हणतो, तुम्ही काय मागता हे तुम्हांला समजत नाही, आणि मुलांना विचारतो, मी पिणार आहे तो प्याला तुम्हांला पिता येईल का? पोरं म्हणतात, येईल. रागावतात ते बाकीचे दहा शिष्य. त्यांनाही त्याच खुर्च्या हव्या असणार. मागायचा धीर झाला नव्हता इतकंच. त्या दहा जणांत मी कुठे बसलो असतो हे शोधायला फार वेळ लागला नाही.

पण इथे मी जरा अडखळतो. स्वार्थ सोडून देवाच्या इच्छेप्रमाणे वागा हे वाक्य देवळात कोणाला ऐकवलं जातं, हेही बघायला हवं. बहुतेक वेळा ते माझ्या बहिणीसारख्यांना ऐकवलं जातं, आणि ऐकवणारे माझ्यासारखे असतात. माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनातली. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या त्यांतली एक. तिचं गाव कोणतं हे तिलाही ठाऊक नव्हतं, म्हणून आम्हालाही मूळ गाव नाही. मुक्तीच्या छापखान्यात ती खिळे जुळवायला शिकली, आणि म्हातारपणी चष्मा नसला तरी आरशातलं उलटं अक्षर सहज वाचायची, असं आजी सांगायची. आमच्या घरात रमाबाईंचं नाव निघालं की त्याग, समर्पण हे शब्द पाठोपाठ येतात. येऊ देत, खोटे नाहीत. पण बाई मुकाट मान डोलावणाऱ्या नव्हत्या. इंग्लंडात बाप्तिस्म्यानंतर मुलग्यांना शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा मोठमोठ्या बिशप लोकांनी हरकत घेतली, बाईमाणसानं पुरुषांना शिकवणं हिंदुस्थानात खपणार नाही म्हणाले. बाईंनी पत्रांवर पत्रं लिहून वाद घातला. माझी सदसद्विवेकबुद्धी मी तुमच्याकडे गहाण ठेवलेली नाही, असाच त्या पत्रांचा सूर. देवाची इच्छा आणि बिशपची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पंचविशीत कळलं होतं. मला साठी ओलांडल्यावर कळलं, की देवाची इच्छा आणि माझी इच्छा याही दोन असू शकतात.

त्याच बाई पुढे केडगावात हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत बायबल उतरवत बसल्या. वर्षानुवर्षं. १९२१ साली मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळं सोपवायचं म्हणून सगळे बघत होते. बाई कामावर बसून राहिल्या आणि भाषांतर हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ला गेल्या. त्या महिन्यांत त्यांची प्रार्थना काय असेल, "तथापि"च्या आधीचं वाक्य किती लांब असेल, हे मला कळायचं कारण नाही. पणजीनं त्यातली काही पानं जुळवली असावीत, असं आम्ही धरून चालतो. पुरावा नाही. आमच्या घराण्याचा हा एक छोटासा पोकळ डौल म्हणा.

आता पैशांचं. लिलावात बोललेली रक्कम तिथल्या तिथे द्यायची नसते. वहीत नाव लागतं, मग लोक सवडीनं देतात. माझ्या नावापुढे ४,५०० होते आणि पैसे घ्यायचे होते खजिनदारांनी. पहिल्या रविवारी मी पाकीट घरी विसरलो. दुसऱ्या रविवारी पाकीट होतं, पण ते कोणाशी तरी बोलत होते. तिसऱ्या रविवारी मी प्रभुभोजन झाल्या झाल्या बाजूच्या दारानं बाहेर पडलो. ऑनलाइन पाठवता आले असते. बायकोनं तेही सुचवलं. मी म्हणालो, नको, रोख देतो. का म्हणालो ते तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि आता माहीत आहे असं म्हणायची घाई करत नाही.

मंगळवारी दुपारी क्वार्टर गेटला बसमधून उतरून चालत गेलो. ते गुरुवार पेठेत राहतात. बँकेत लागलो तेव्हा त्याच भागात मी खोली घेऊन राहायचो, पंचहौद चर्चच्या घंटेवर घड्याळ लावायचो. मनोरा तसाच आहे, भोवतीची दुकानं वाढली आहेत. सायकलींच्या जागी स्कूटरचे स्पेअर पार्ट, तळणाचा वास, एका खोक्यावर झोपलेलं मांजर. याच मिशनात १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या बड्या मंडळींनी चहा घेतला आणि पुढे कित्येकांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. एका पेल्यापायी केवढं रामायण, असं मला नेहमी हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. निदान आपण काय प्यालो ते त्यांना ठाऊक होतं.

दोन जिने चढून गेलो. दार त्यांनीच उघडलं, अंगात बनियन, कपाळावर चष्मा. मला बघून दचकले. "सलाम," मी म्हणालो. "सलाम, सलाम, या." खोलीत रॉकेलचा आणि जुन्या कागदांचा वास. टेबलावर मंडळीच्या वह्या, प्रत्येकीला दोरा बांधलेला, आणि बाजूला व्हाऊचरांची फाइल, नवीकोरी, वर मोठ्या अक्षरांत तारीख. माझ्या त्या सभेनंतर घेतलेली असणार. आतून त्यांच्या पत्नीनं चहा पाठवला. आम्ही दोघांनी तो फुंकर मारत प्यायला, बोलण्यासारखं काही नसलं की पितात तसा. मी मनात एक वाक्य तयार करून नेलं होतं. त्यात सभा होती, ११ मतं होती, माझा आवाज होता. बसमध्ये ते चांगलं जमलं होतं.

मी पैसे टेबलावर ठेवले. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले, मला ते आवडलं. पावती पुस्तक ओढलं, मध्ये कार्बन सरकवला, तारीख घातली, माझं नाव न विचारता लिहिलं. अक्षरी रुपये चार हजार पाचशे फक्त. मग पेन खालच्या ओळीवर थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाबत काय लिहू?"

पावती पुस्तकात ती ओळ छापलेलीच असते. आयुष्यात हजारो पावत्यांवर मी ती भरून घेतली आहे, रागावून परत पाठवल्या आहेत ती रिकामी राहिली म्हणून. रस्त्यावर कोणी तरी भंगार, रद्दी ओरडत गेलं. तयार करून नेलेलं वाक्य जिभेवर होतं, आणि त्याच्या मागे "देवाला" हा शब्दही होता, हात वर करून उभा असलेला.

"सभेत मी तुमच्याशी बोललो ते," मी म्हणालो, "खजिनदार व्हायचं होतं मला. म्हणून."

ते काही बोलले नाहीत. पेनाचं टोक कागदावर टेकलेलंच होतं, तिथे एक निळा ठिपका फुगत गेला.

"ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "सगळ्यांनाच माहीत होतं." आणि थोड्या वेळानं, "इथे काय लिहू?"

"भोपळा," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं: कापणीचा सण, भोपळा, १ नग. पावती फाडताना कोपरा फाटला. दुसरी करून देतो म्हणाले, मी राहू द्या म्हटलं. जिन्यापर्यंत सोडायला आले. मैत्री वगैरे काही झाली नाही. ते मला आजही फारसे आवडत नाहीत. बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघतात. येत्या वार्षिक सभेत मी पुन्हा प्रश्न विचारणार आहे, जनरेटरच्या खर्चावर. तो कोणत्या आवाजात विचारेन याची मला खात्री नाही.

त्या संध्याकाळी भोपळा कापला. सुरी अर्ध्यातच रुतली, मी वरून लाटण्यानं ठोकली तेव्हा तो दुभंगला आणि ओट्यावर केशरी उजेड पडला. अर्धा शेजाऱ्यांना गेला. उरलेल्याचे बायकोनं घारगे केले. रविवारी एक डबा आजीसाठी नेला. भक्ती सुटल्यावर ती पायरीवर चपला शोधत होती. डबा उघडून तिनं एक घारगा मोडला, वास घेतला, तोंडात टाकला. मी तिथेच उभा. मला वाटलं, आता ती पुन्हा विचारेल, आणि या वेळी मी तिला नीट सांगेन. पण ती गोष्ट तिच्या लक्षातही नव्हती. ती डोळे बारीक करून चावत राहिली, बराच वेळ.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली आणि दुसरा घेतला.